बंदुकीवरील दुर्बिणीची सैल बैठक : संग्राहकांसाठीं एक टिपण

जुन्या शिकारी बंदुका संग्रहीं ठेवणाऱ्या मंडळींकडून आम्हांस वारंवार एक तक्रार ऐकूं येते. ती अशी कीं, बंदुकीवरील दुर्बीण हालते. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडील शौकाच्या शिकारीचा काळ संपला. यामुळें ही तक्रार आतां शिकाऱ्याची न राहतां संग्राहकाची झाली आहे. शिकाऱ्यास नेम हवा होता, संग्राहकास पुरावा हवा असतो. पहिल्याच्या नादांत दुसरा कसा नाहींसा होतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

बंदुकीवर दुर्बीण बसविण्याच्या इतिहासांत भिंगांची चर्चा पुष्कळ झाली आहे, बैठकीची फारच थोडी. चॅपमन यानें १८४८ त अमेरिकन रायफलीवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत दुर्बिणीच्या लांब नळकांड्याचें वर्णन आहे. याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यांतील अधिकारी डेव्हिडसन यांचेहि प्रयोग चालू होते. हिंदुस्थानांतील शिकारीच्या निमित्तानें त्यांस ही कल्पना सुचली व १८६२ त त्यांनीं आपल्या योजनेचें एकस्व घेतलें. त्यांची दुर्बीण आंखूड असून ती बंदुकीच्या डाव्या अंगास बसे. पुढील टोंक खिळीवर फिरे व मागील टोंक खांचेंत वर-खालीं सरकवून स्क्रूनें आवळतां येई. अशा कांहीं दुर्बिणी व्हिटवर्थच्या ०·४५१ इंची षट्कोनी नळीच्या रायफलींवर चढून अमेरिकेच्या यादवी युद्धांत (१८६१–६५) दक्षिणेकडील नेमबाजांच्या हातीं गेल्या. या रचनेंत लांब पल्ल्याचा सारा भरंवसा त्या एका स्क्रूच्या पकडीवर होता, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

तो भरंवसा किती नाजूक, हें गणितानें पाहूं. दुर्बिणीचे दोन आधार परस्परांपासून १० इंचांवर आहेत व मागील आधारांत पोथीच्या पातळ पानाएवढी, म्हणजे इंचाच्या २५० व्या भागाइतकी ढिलाई आहे, असें समजूं. शंभर यार्ड म्हणजे ३,६०० इंच. त्या अंतरावर नेम सुमारें दीड इंच ढळेल आणि हजार यार्डांवर चौदा इंचांहून अधिक ढळेल. बोटास जी ढिलाई जेमतेम जाणवते, ती लक्ष्यावर हातभर होते.

पहिल्या महायुद्धांत याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. हेस्केथ-प्रिचर्ड हे मोठे शिकारी होते. त्यांचा जन्म १८७६ त आपल्या परिचयाच्या झांशी येथें झाला. फ्रान्समधील आघाडीवर दुर्बिणीच्या रायफली तपासल्या असतां बहुतेकींचा नेम बिघडलेला त्यांस आढळला. भिंगें उत्तम असूनहि बंदूक निरुपयोगी ठरते, हें त्यांच्या १९२० च्या ग्रंथावरून स्पष्ट होतें.

आतां उपायाकडे वळूं. बंदूक रिकामी असल्याची खात्री केल्यावर बैठक व नळी यांच्या सांध्यावर बोट ठेवून दुर्बीण हलकेंच दाबावी. हालचाल कोठें आहे तें बोटास कळतें. कारणें बहुधा चार असतात : स्क्रूवर तेल व मळ सांचणें, स्क्रू लांब असल्यामुळें तो भोंकाच्या तळाशीं टेकणें, बैठक नळीवर सर्वांगानें न टेकणें, आणि दुर्बिणीभोंवतींचें कडें सैल होणें. पैकीं दुसरें कारण फसवें आहे, कारण स्क्रू घट्ट लागतो, पण बैठक धरली जात नाहीं. तिसऱ्याची परीक्षा काजळीनें करावी. नळीवर काजळीचा पातळ हात देऊन बैठक टेकवावी. जेथें काळें उमटत नाहीं तेथें आधार नाहीं असें समजावें. पुढें आटे व सांधा स्पिरिटनें स्वच्छ करून, स्क्रूच्या खांचेंत बरोबर बसणाऱ्या पेचकसानें तो आवळावा व आट्यांस चपडी लाखेचा थेंब द्यावा. जुन्या कारागिरांचा हा उपाय आजहि ग्राह्य आहे, कारण लाख स्पिरिटनें विरघळते व केलेलें काम पुन्हां उकलतां येतें.

याच्या उलट प्रकार आमच्या पाहण्यांत आला. एका स्नेह्यांच्या शिकारी रायफलीची बैठक सैल होती. दुरुस्त करणारानें ती कानशीनें घासली, भोंकें मोठीं करून नवे आटे पाडले व वर झाळ दिली. दुर्बीण पक्की झाली यांत शंका नाहीं. पुढें प्रश्न निघाला कीं, ही दुर्बीण रायफलीबरोबरची, कीं मागाहून चढविलेली? त्याचें उत्तर बैठकीखालच्या धातूवर होतें. तेथील मूळची झिलई, गंजाची कड, जोडणीचे आंकडे, हाताच्या आट्यांचा पीळ, हे सारे साक्षीदार कानशीखालीं गेले होते. जुना स्क्रू पुष्कळदां त्याच्या एकाच भोंकासाठीं केलेला असतो. तो टाकून बाजारांतला घालणें म्हणजे दस्तऐवजावरील शिक्का खरवडून नवा उठविण्यासारखेंच आहे.

पोथीचें फाटलेलें पान सांधतांना अक्षरांवर कागद डकवूं नये, हा नियम आपणांस ठाऊक आहे. तोच येथें लागू करावा असें आमचें मत आहे. प्रथम छायाचित्र व मापें घ्यावीं. प्रत्येक स्क्रू कोणत्या भोंकांतला याची नोंद ठेवावी. पोकळी असल्यास पितळेच्या पातळ पत्र्याची पट्टी घालावी, पण मूळ धातु घासूं नये. आणि काय केलें याची चिठ्ठी वस्तूबरोबर ठेवावी. एवढ्यानेंहि बैठक न धरल्यास ती सैलच राहूं द्यावी. सैल दुर्बीण उद्यां आवळतां येईल. घासून टाकलेला पुरावा परत आणतां येणार नाहीं.