बारा पायऱ्या

2006 सालची गोष्ट. पंपाच्या कामासाठी ह्यूस्टनहून बोलिव्हियातल्या ला पाझला गेलो होतो. पहाटे एल आल्तो विमानतळावर उतरलो, बॅगा उचलल्या आणि बारा पायऱ्या चढलो. बाराच! वर पोचेपर्यंत छातीचा भाता झालेला आणि डोळ्यांपुढे काजवे. कॉलेजात असताना कळसूबाई एका दमात चढलेला मी, भिंतीला टेकून मटकन खाली बसलो. मला न्यायला आलेले तिथले इंजिनिअर माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठे. त्यांनी दोन्ही बॅगा उचलल्या आणि शीळ घालत चालू लागले. इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

आता बघा, कळसूबाई 1646 मीटर आणि हा विमानतळ 4061 मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के. विमान खाली येताना आतला दाब एरवी वाढवत आणतात, इथे तो कमी करत आणावा लागतो. पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ कशी शिजवत असतील कोण जाणे!

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळाला. एक दिवस डोकं धरून पडून होतो. परतल्यावर या विषयावर वाचायला लागलो, ते वेड अजून सुटलेलं नाही.

होसे दे आकोस्ता नावाचा स्पॅनिश जेझुइट पाद्री सोळाव्या शतकात पेरूतला पारियाकाका डोंगर ओलांडताना असाच आडवा झाला होता. अन्न पडलं, पित्त पडलं, शेवटी रक्तही. 1590 साली छापलेल्या ग्रंथात त्याने लिहिलं, की तिथली हवा माणसाच्या श्वासाला पुरू नये इतकी विरळ आहे. हवेचा दाब मोजणारं टोरिचेल्लीचं यंत्र यायला अजून पन्नासेक वर्षं होती! दोष हवेतल्या प्राणवायूच्या कमी दाबाचा, हे फ्रान्सच्या पॉल बेरने प्रयोगांनिशी मांडलं ते थेट 1878 साली.

मला बोचलं ते पुढचं प्रकरण. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट मोठे शास्त्रज्ञ, विरळ हवेचा अभ्यास करायला बंद काचेच्या खोलीत दिवसचे दिवस राहिलेला माणूस. 1921-22 च्या हिवाळ्यात ते पेरूतल्या सेरो दे पास्कोला, 4300 मीटरवर गेले. तिथे त्यांच्या चमूचे हाल झाले. खाणीतून पाठीवर खनिजाची ओझी वाहणारे स्थानिक हमाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आणि तरी 1925 च्या पुस्तकात निष्कर्ष काय, तर इतक्या उंचीवर राहणारी माणसं शरीराने आणि बुद्धीने उणीच! लिमाचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांना हे झोंबलं. ते स्वतः पथक घेऊन डोंगरात गेले आणि तिथल्या माणसाचं शरीर त्या हवेशी जुळलेलं आहे, हे दाखवण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. ती जुळणी काही जणांची बिघडते, तो आजारही त्यांनीच वर्णन केला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

बोचायचं कारण असं. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ते इंजिनिअर माझ्या प्रत्येक प्रश्नानंतर बराच वेळ गप्प बसत. मी वहीत लिहिलं, 'मंडळी जरा मंद दिसतात.' तेवढ्यात त्यांनी माझा हिशोबाचा कागद पुढे सरकवला. पंप एल आल्तोलाच बसायचा होता. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा ते आत ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा हा जोर 10.3 मीटर पाण्याइतका. मी तोच आकडा धरला होता! ज्या हवेने मला बारा पायऱ्यांत लोळवलं, ती माझ्या गणितात कुठेच नव्हती. पंप तसाच बसवला असता तर महिन्या-दोन महिन्यांत आतली चाकं खाऊन गेली असती.

ते काही बोलले नाहीत. पेन्सिलीने 10.3 खोडून 6.3 लिहिलं आणि विचारलं, अजून थोडा चहा घेणार का?