शाळा सुटल्यावरचा रस्ता

स्मरणिकेसाठी साताऱ्याच्या इतिहासावर काहीतरी लिही, असा निरोप आला. किल्ल्यांवर लिहिणारे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत, म्हणून मी शाळा सुटल्यावरचा रस्ता निवडला. त्या उतारावर झाडाखाली कोणी ना कोणी असायचेच: चपला शिवणारे मामा, गजरेवाली, पिशव्या टेकून दम खाणाऱ्या बायका. संध्याकाळी शिकवणीहून परतताना आम्हा मुलींना त्यांचाच आधार वाटे.

आपला मुलूख झाडांचा. वैराटगडाजवळच्या म्हसव्याच्या वडाचा घेर १८८२ साली मोजला, तो १,५८७ फूट भरला. पुणे-बंगळूर रस्त्याचे वड तर आपण सगळ्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिले. चौपदरीकरणात त्यांतले बरेच गेले. गावातले रस्तेही रुंद झाले, दिवे आले, आणि भर दुपारी तिथे चिटपाखरू दिसेना. लग्नानंतर सांगलीला आले, तेव्हा तिथल्या मेच्या उन्हात ही सामसूम जास्तच जाणवली.

रस्ता सुरक्षित ठेवतात ती तिथे वावरणारी माणसे, असे अमेरिकेतल्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मांडले. पुढे २००१ मध्ये शिकागोतल्या ९८ इमारतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भोवती हिरवळ जास्त, तिथे नोंदलेले गुन्हे कमी आढळले. पारावर बसणाऱ्या आपल्या आजोबांना याचे नवल वाटले नसते.

मात्र सगळीच झाडी भली नसते. दिव्यावर आलेल्या फांद्या आणि कुंपणालगत माजलेली घाणेरी यांच्याजवळून मीही जीव मुठीत धरून गेले आहे. झाड उंच हवे, बुंधा मोकळा हवा.

शहरातल्या झाडांसाठी राज्याचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या झाडांना वारशाचा दर्जा मिळाला. त्याआधी, २०२० मध्ये, मिरजेजवळच्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. लोक त्याच्यासाठी उभे राहिले आणि महामार्गालाच बाजू घ्यावी लागली. २०२२ च्या पावसाळ्यात तो वड आपणहून कोसळला.

आपल्या शाळेसमोरची कड आज उघडी आहे. मुलींना न्यायला पालक फाटकाला गाड्या चिकटवून उभे असतात. मेळाव्याला जरा लवकर, दुपारीच या. नाक्यापर्यंत चालत जाऊ आणि कडुनिंब कुठे कुठे लावता येतील ते पाहू.