त्रयस्थ कुकी आणि संकेतस्थळकारांची नैतिक मर्यादा

यंत्रविद्या पुढे धावते व नीतिविचार मागाहून येतो, असे विधान वारंवार केले जाते. संगणकजालावरील जाहिरातींच्या इतिहासास ते लागू पडत नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. वाचकाचा माग कोठवर काढावा याची मर्यादा हे तंत्र घडविणाऱ्यांनीच आरंभी, आणि तीही नेमक्या शब्दांत, आखून दिली होती. ती पाळली का गेली नाही, हा खरा प्रश्न होय.

वेबच्या मूळ रचनेत सर्व्हरला स्मरण नसे; प्रत्येक मागणी त्यास नवीच वाटे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी यावर उपाय योजिला. सर्व्हरने एक लहानशी खूणचिठ्ठी ब्राउझरपाशी ठेवावयाची आणि ब्राउझरने पुढील भेटीत ती परत दाखवावयाची. हीच कुकी होय. एका स्थळाची चिठ्ठी दुसऱ्यास मिळू नये, अशी तीत योजना होती. परंतु एकाच पानावरील चित्रे निरनिराळ्या सर्व्हरांवरून येऊ शकतात. शेकडो स्थळांवर एकाच संस्थेची जाहिरात असली, म्हणजे तिची चिठ्ठी प्रत्येक ठिकाणी तिच्याकडे परत जाते. अशा रीतीने, जिचे नावही वाचकाने ऐकलेले नाही त्या त्रयस्थ संस्थेस त्याचे विखुरलेले वाचन एका सूत्रात ओवता येते.

हा धोका लपून राहिला नव्हता. डेव्हिड क्रिस्टॉल व माँटुली यांनी लिहिलेले कुकीचे पहिले मानक फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएफसी २१०९ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. वापरकर्त्यास पडताळून पाहता येत नाही अशा व्यवहारात ब्राउझरने त्रयस्थाशी कुकीचा संबंध जोडू नये, असे त्यात बजावले होते. हा नियम शिथिल करण्याची सोय ब्राउझरात ठेवता येईल, परंतु ती मुळात बंद असावी, असेही त्यात नमूद होते. येथे जाहिरातीस बंदी नव्हती; बंदी होती ती अज्ञात पाळतीस. जाहिरातीच्या उत्पन्नावरच वाचनसामग्री विनामूल्य मिळते, हा प्रतिपक्षाचा युक्तिवाद म्हणूनच मूळ मुद्द्यास स्पर्श करीत नाही.

तथापि नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट या दोन्ही प्रमुख कंपन्यांच्या ब्राउझरांनी त्रयस्थ कुकी मुळातच चालू ठेवल्या. १९९९ साली डबलक्लिक या जाहिरातसंस्थेने अबेकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. तिच्यापाशी कुटुंबांच्या टपालखरेदीच्या नोंदी होत्या. निनावी माग आणि खरी नावे एकत्र करण्याचा हा बेत लोकक्षोभामुळे मार्च २००० मध्ये स्थगित करावा लागला. त्याच वर्षीच्या सुधारित मानकात, आरएफसी २९६५ मध्ये, मूळ निर्बंध कायम राहिला; व्यवहारात मात्र तो दुर्लक्षितच राहिला. अखेर एप्रिल २०११ च्या आरएफसी ६२६५ ने हा विषय ब्राउझरकर्त्यांच्या मर्जीवर सोपविला. आचाराने नियमास नमविले, ते असे.

मर्यादा पाळणे अशक्य होते काय? ॲपलच्या सफारी ब्राउझरने २००३ पासूनच त्रयस्थ कुकींना मूळ मांडणीत अटकाव केला होता. त्यामुळे वेब बंद पडले नाही. उलट, हा अटकाव चुकविण्यासाठी गूगलच्या जाहिरातविभागात खास आज्ञावली वापरली गेल्याचे २०१२ साली उघडकीस आले. वाचकाने स्वतः एखादा अर्ज भरून पाठविला आहे, असा आभास ती ब्राउझरपुढे निर्माण करी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत गूगलने २ कोटी २५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

ही घटना विशेष बोधप्रद आहे. असा आभास आपोआप निर्माण होत नाही. कोणीतरी तो ओळीओळीने लिहावा लागतो. मानकास स्वतःचे दंडबळ नसते, आणि कायदा बहुधा अपराध घडल्यानंतर पोहोचतो. या दोहोंच्या मधल्या काळात वाचकाचे रक्षण करू शकणारा एकच मनुष्य असतो, तो म्हणजे आज्ञावली लिहिणारा. त्याने कोठे थांबावे हे १९९७ साली लिहिले गेले होते. उणीव ज्ञानाची नव्हती; नकार देणाऱ्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या व्यवसायसंस्थेची होती.