नागांना फणा कुणी लावला?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत शनिवारी संध्याकाळी पुस्तकं मिटली की पाच-सहा पोरं टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर मांडतात आणि फासे टाकून लढाया खेळतात. पुण्यात नोकरीला असलेल्या एकाच्या मोठ्या भावाने हा नाद लावला. इंग्रजी नियमपुस्तकं मोबाईलवर उतरवून घ्यायची, सैन्याच्या बाहुल्या पुठ्ठ्यातून कापायच्या, आणि मग राक्षस, बुटके, जादूगार असे एकमेकांवर तुटून पडायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. दहावी-बारावीची पोरं, घटकाभर खेळली तर काय बिघडलं?

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ठरवलं की आपलं स्वतःचं सैन्य बनवायचं, नागांचं. वहीत नियम लिहून मला दाखवायला आणले. पहिलंच पान असं होतं: नाग, अर्धा माणूस अर्धा साप, विष अधिक दोन, कपट अधिक दोन, स्वभाव जन्मतः दुष्ट. ही पोरं महिन्याभरापूर्वी पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जाऊन आली होती. मी विचारलं, "हे कुठून आणलं रे?" तर म्हणाली, "ताई, पुस्तकात तसंच आहे."

पुस्तकात तसंच आहे! हे उत्तर आपल्या समाजाने किती शतकं ऐकलं आहे ते वाचकांना सांगायला नको. म्हणून मी ते पुस्तक कुठून आलं याच्या मागे लागले.

अमेरिकेत 1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन युद्धखेळाचे नियम छापले. शेवटी एक पुरवणी जोडली, जादू आणि काल्पनिक प्राण्यांची. तिच्यात एक तक्ता आहे: कोण नियमाच्या बाजूचे, कोण तटस्थ, कोण अराजकाच्या बाजूचे. बाजू निवडायची ती व्यक्तीने नाही, जमातीवरून ती आधीच ठरलेली. 1974 साली याच मुळातून गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि तो जगभर गेला. 1978 च्या त्याच्या नियमपुस्तकात 'रेस'प्रमाणे गुण वाढायचे आणि कमी व्हायचे. एवढंच नाही, बुटक्या जमातीत जन्मलेल्याला जादूविद्या शिकताच येत नसे. कितीही हुशार असो, नियमच तसा! ही अट 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत निघाली. शंबूकाची कथा ज्यांना माहीत आहे त्यांना या नियमाचं भाषांतर करून सांगण्याची गरज नाही.

सर्पमानव मात्र या खेळांच्याही आधीचे आहेत. टेक्सासच्या रॉबर्ट हॉवर्डने 1929 साली 'वियर्ड टेल्स' मासिकात 'द शॅडो किंगडम' ही कथा लिहिली. तिच्यात माणसांच्या आधी पृथ्वीवर सत्ता गाजवणारी सापमाणसं आहेत. ती माणसाचा चेहरा पांघरून दरबारात शिरतात. त्यांना ओळखायची खूण म्हणजे एक परवलीचा शब्द, जो सापाच्या तोंडाला उच्चारताच येत नाही. शेवटी राजा कल शपथ घेतो की यांना देशोदेशी हुडकून संपवीन, एकही ठेवणार नाही. आधीचे रहिवासी, वेगळी बोली, आपल्यासारखेच दिसतात म्हणून अधिक धोकादायक, आणि शेवटी समूळ नाश. हॉवर्डने महाभारत वाचलं होतं असा माझा दावा नाही. पण जनमेजयाची शपथ याहून वेगळी होती का?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये 'नागा' हा शब्द थेट आपल्याकडूनच गेला. तिथे त्यांचे तीन प्रकार केले. रक्षक नागा चांगले, पाण्यातले तटस्थ, आणि तिसरे दुष्ट. 1981 साली डेव्हिड कुकने 'युआन-टी' आणले. ही मुळात माणसंच, पण सर्परक्त मिसळून झालेली. त्यांच्यात उतरंड आहे. ज्याच्यात साप जास्त तो वर, जो दिसायला माणूस तो तळाला. 2016 च्या पुस्तकात तर याला सरळ जातीव्यवस्थाच केलं आहे. कुणीतरी अमेरिकेत बसून, रक्ताच्या शुद्धतेवर पायऱ्या लावलेला समाज कल्पनेने रचतो आणि तो राक्षसी आहे असं ठरवतो. आपल्याकडे असा समाज कल्पनेने रचावा लागला नाही.

आता घरच्या नियमपुस्तकाकडे येऊ. महाभारताच्या आदिपर्वात कृष्ण आणि अर्जुन खांडववन जाळतात. तिथे तक्षक नागाचं कुटुंब राहतं. तक्षक बाहेरगावी असतो, बायको मारली जाते, मुलगा अश्वसेन कसाबसा निसटतो. पुढे तक्षक अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला मारतो, आणि परीक्षिताचा मुलगा जनमेजय सर्पसत्र मांडून नागांना आगीत टाकतो. हे साप होते म्हणे. मग त्याच ग्रंथात आगीत पडलेल्यांची यादी कुळांप्रमाणे कशी दिली आहे? वासुकीच्या कुळातले इतके, तक्षकाच्या कुळातले इतके, ऐरावत, कौरव्य, धृतराष्ट्र यांच्या कुळातले इतके. अर्जुनाने उलूपीशी लग्न केलं ती नागकन्या. सर्पसत्र थांबवणारा आस्तिक हा ऋषीचा मुलगा, पण त्याची आई नाग. ज्यांच्याशी सोयरीक चालते ते माणूस, आणि जमीन हवी झाली की तेच साप? इरावती कर्वे काही आपल्या चळवळीतल्या नव्हत्या, पण 'युगान्त'मध्ये त्यांनाही खांडववनातला संहार पुण्यकर्म वाटला नाही.

आणि हे नाग फक्त कथेत नाहीत. ग्वाल्हेरजवळचं पवाया म्हणजे जुनी पद्मावती. तिथल्या नाग राजांची तांब्याची नाणी सापडतात, गणपतिनागाची तर भरपूर. चौथ्या शतकात समुद्रगुप्ताच्या अलाहाबादच्या स्तंभलेखात त्याने उखडून टाकलेल्या आर्यावर्ताच्या राजांची नावं आहेत, त्यांत गणपतिनाग आणि नागसेन आहेत. पुढे समुद्रगुप्ताच्याच मुलाने, दुसऱ्या चंद्रगुप्ताने, कुबेरनागा या नागकुळातल्या राजकन्येशी लग्न केलं. त्यांची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांची राणी झाली आणि नवरा गेल्यावर तिने नंदिवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, राज्य चालवलं. आपली आई नागकुळातली हे तिने ताम्रपटात अभिमानाने कोरून ठेवलं आहे. विदर्भावर राज्य करणाऱ्या या बाईला ना शेपटी होती ना फणा.

हे सगळं मी पोरांना दोन शनिवार सांगितलं. तिसऱ्या शनिवारी वहीचं नवं पान तयार होतं: नागवंश, शौर्य अधिक तीन, बुद्धी अधिक तीन, शुद्ध रक्त. समोरचं सैन्य आर्यांचं, स्वभाव जन्मतः दुष्ट.

इथे मात्र मी अडले, आणि हा लेख खरं तर या दुसऱ्या पानासाठी लिहिते आहे. पहिल्या पानावर आपल्यापैकी कुणीही चिडेल. दुसऱ्या पानावर आपण टाळ्या वाजवतो. आपल्या कित्येक भाषणांत, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कित्येक मजकुरात हेच दुसरं पान असतं.

बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात नाग लोकांचा अभिमानाने उल्लेख केला, त्यांनी बुद्धाचा धर्म पसरवला असं सांगितलं. 1948 च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाग हे रानटी नव्हते, सुसंस्कृत होते, असं मांडलं. पण त्याच ग्रंथात त्यांनी काय नाकारलं हे आपण वाचत नाही. अस्पृश्य वेगळ्या वंशाचे म्हणून अस्पृश्य झाले, हा सिद्धांत त्यांनी डोक्या-नाकांची मोजमापं तपासून फेटाळला. 1936 च्या 'जातिनिर्मूलना'तही पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत हे सांगून जातीला रक्ताचा आधार नाही हे दाखवलं. नाग हा त्यांच्यासाठी इतिहास होता, रक्तगट नव्हता. वंश मानला की मनूचा तक्ता तसाच राहतो, फक्त आपण वरच्या ओळीत जाऊन बसतो.

आपल्या ग्रंथांचंही खरं बोललं पाहिजे. महावग्गात एक नाग माणसाचं रूप घेऊन भिक्खू होतो, झोपेत त्याचं खरं रूप दिसतं आणि त्याला संघातून परत जावं लागतं. म्हणूनच उपसंपदेच्या वेळी 'तू मनुष्य आहेस ना?' हा प्रश्न विचारतात. म्हणजे नागाला प्राणी करण्यापासून बौद्ध साहित्यही सुटलेलं नाही. फरक आहे तो वागणुकीत. तिथे नाग जाळला जात नाही. मुचलिंद पावसात बुद्धावर छत्र धरतो, रामग्रामचा स्तूप नाग सांभाळतात. अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराजा राणीला शेजारी घेऊन ऐसपैस बसला आहे, शरीर पूर्ण माणसाचं, फणा नुसता मुकुटासारखा मागे. थायलंडमध्ये तर दीक्षा घ्यायला निघालेल्या मुलाला अजूनही नागच म्हणतात.

खेळ बनवणाऱ्या कंपनीलाही हे हळूहळू कळू लागलं असावं. 2020 मध्ये त्यांनी काही जमातींना जन्मतः दुष्ट दाखवल्याबद्दल चूक मान्य केली आणि जमातीला चिकटलेले गुण हवे तिथे हलवायची मुभा दिली. 2024 च्या पुस्तकातून 'रेस' हा शब्दच गेला. तिथल्या काळ्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं प्रश्न विचारले होते. आपल्या पोरांनी तीन शनिवारांत विचारले, हेही कमी नाही.

आता वहीत तिसरं पान आहे. नागसैन्याला जन्माचा एकही गुण नाही. फणा हे निशाण आहे, ढालीवर आणि मुकुटावर. ज्याचं वन जळलं त्या तुकडीला सूडाचा एक फासा जास्त मिळतो, पण तो वापरला की त्या तुकडीला पुढची दोन वळणं तह करता येत नाही. समोरची कुठलीही तुकडी, कुठल्याही कुळातली, आपल्या वळणाला निशाण बदलून नागांकडे येऊ शकते, आणि तिला मागचं काही विचारायचं नाही. हा शेवटचा नियम वस्तीतल्याच एका मुलीने घातला. ती आधी खेळत नव्हती, लांबून बघायची.

भांडण उरलं आहे ते आस्तिकाच्या पत्त्यावर. तो टाकला की चालू लढाई तिथेच थांबते. पोरांचं म्हणणं, असा पत्ता असला तर खेळात मजा काय राहिली? मुलगी म्हणते, पत्ता दोन्ही बाजूंना एकेक द्या आणि बघा कोण टाकायला धजतो. पुढच्या शनिवारी तसं खेळून बघायचं ठरलं आहे.