मुंबईत उतरायचे कुणाकडे?

मुंबईला निघालेला माणूस तिकिटाच्याही आधी एक पत्ता मिळवीत असे. तो हॉटेलचा नसे. चुलत्याच्या मेहुण्याचा, वडिलांच्या शाळासोबत्याचा किंवा गावच्या खोलीचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्यांच्या पडझडीपर्यंत, म्हणजे सव्वाशेएक वर्षे, शहरात आलेल्या बहुतेक मराठी माणसांची पहिली रात्र अशाच पत्त्यावर गेली. शहर गजबजले ते गिरण्या, गोदी आणि रेल्वेमुळे. पण नव्या माणसाला पाठ टेकायला जागा दिली ती सरकारने नव्हे, मालकांनी तर नव्हेच. ती ओळखीने दिली. ही ओळख फुकट मात्र कधीच नव्हती. तिचे स्वतःचे नियम होते आणि देण्याघेण्याचा हिशेबही होता.

१८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि काही वर्षांतच रुळांनी बोरघाट व थळघाट ओलांडले. कावसजी दावर यांच्या गिरणीची उभारणी १८५४ साली सुरू झाली आणि १८५६ मध्ये तिथे सूत निघू लागले. घाटावरचे लोक रेल्वेने येत. कोकणातले लोक बोटीने येत आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की घाट चढून पायी येत. १८९६ च्या प्लेगने शहर काही काळ ओस पडले, तरी हा ओघ थांबला नाही. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईच्या पाचांपैकी चार रहिवाशांचा जन्म शहराबाहेरचा निघाला आणि पुरुषांच्या मानाने बायकांची संख्या जेमतेम निम्मी होती. हे दोन आकडे एकत्र वाचले की मुक्कामाचा प्रश्न कळतो. आलेला माणूस बहुधा एकटा पुरुष असे आणि त्याचे कुटुंब गावी असे. त्याला घर नको होते, वळकटी पसरण्यापुरती जागा हवी होती.

ही जागा गिरणगावात गावच्या खोलीने दिली. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड या भागांत एकेका गावाने चाळीतली एखादी खोली भाड्याने घेतलेली असे. कोल्हापूर, सातारा, सांगलीकडच्या लोकांच्या बोलण्यात तिला गाळा म्हणत. भाडेपावती एखाद्या जुन्या, वजनदार गावकऱ्याच्या नावावर असे. भाडे मात्र सगळ्यांच्या वर्गणीतून जाई. खोली दहा बाय बाराची आणि माणसे वीसपंचवीस, हे गणित जमे ते पाळ्यांमुळे. रात्रपाळीचा माणूस भोंगा झाल्यावर परतायचा, तेव्हा दिवसपाळीवाल्याची पथारी गुंडाळलेली असायची. भिंतीला ट्रंकांची रांग, वर दोरीवर कपडे आणि खुंटीला देवाची तसबीर, एवढेच खोलीचे सामान. उन्हाळ्यात निम्मी मंडळी गॅलरीत, गच्चीवर नाहीतर सरळ फुटपाथवर झोपत.

गावाहून नवा पोरगा आला की त्याला नोकरी लागेपर्यंत वर्गणी माफ असे. त्याला गिरणीत चिकटवण्याची जबाबदारीही खोलीवरच असे आणि त्यासाठी कामगारांची भरती करणारा मुकादम, म्हणजे जॉबर, गावचा किंवा भावकीतला असणे फार उपयोगी पडे. पहिला पगार झाला की माफी संपे. पुढे गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पालखीचा खर्च यांसाठी हीच मंडळी वर्गणी काढत. कोकणातल्या कितीतरी गावांत मुंबईकर मंडळाच्या नावाची पाटी देवळावर किंवा शाळेवर दिसते, तिचे मूळ अशा खोल्यांत आहे. खोलीचा जाच मात्र पुष्कळ होता. दारू चालायची नाही, बाईमाणूस आणायचे नाही, आणि कुणाचे काय चालले आहे याची खबर पुढच्या माणसाबरोबर गावी पोचलेली असे.

जेवणाची सोय खानावळीत होई. खानावळ म्हणजे बहुधा चाळीतलीच एखादी बाई, जी आपल्या चुलीवर महिन्याच्या बोलीने गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घाले. पगाराच्या दिवशी हिशेब होई. संप झाला की उधारी वाढे आणि वाण्याच्या तगाद्याला बाईला तोंड द्यावे लागे. गिरणगावाचे अर्धे अर्थकारण या बायकांनी उधारीवर उचलून धरले होते, तरी मालकांच्या वा युनियनच्या इतिहासात त्यांना ओळभर जागा मिळायला फार वेळ लागला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळण्याची वाट उघडली.

गावच्या खोलीचे याहून शिस्तशीर रूप गोव्याच्या लोकांनी उभे केले. पोर्तुगीज अमलाखाली रोजगार तुटपुंजा असल्याने गोव्याचे तरुण मुंबईला येत. कुणी स्वयंपाकी होई, कुणी बॅण्डमध्ये वाजवी, आणि पुष्कळजण बोटींवर चढत. या तारवट्यांची भरती मुंबईत होई आणि दोन सफरींमधले दिवसही इथेच काढावे लागत. त्यासाठी धोबीतलाव, माझगाव, डाबूल भागांत गावागावाचे कूड (सामाईक मुक्कामाच्या जागा) निघाले. सभासद त्या गावचा ख्रिस्ती पुरुष असावा लागे. गावच्या संताची वेदी दालनाच्या मुख्य जागी असे, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणावी लागे आणि संताच्या फेस्ताला जेवण होई. माणूस समुद्रावर असतानाही त्याची पेटी कुडात राही, तीच त्याच्या हक्काची खूण. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत असे कितीतरी कूड दाटीवाटीने नांदले. मुंबईत एकवटलेल्या या गोमंतकीय वस्तीमुळेच पहिले कोंकणी तियात्र गोव्यात न होता १८९२ मध्ये मुंबईत रंगमंचावर आले.

ही सगळी व्यवस्था ओळखीवर चाले आणि ओळख जातीच्या आत फिरे. गावाची खोली म्हटले तरी तीत सारे गाव नसे. दलित कामगारांच्या चाळी वेगळ्या, काही ठिकाणी नळही वेगळे. मोठ्यातली मोठी पदवी असली तरी ओळखीचे दार कसे बंद होई, याचा दाखला मुंबईचा नव्हे, बडोद्याचा आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण अर्धवट सोडून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जात सांगून जागा मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून ते एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी त्यांच्या खोलीवर आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याची त्यांना तंबी मिळाली. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही घरची अडचण सांगून ठेवून घ्यायचे टाळले. मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंतचे तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत बसून काढले. आदरातिथ्याच्या परंपरेचे गोडवे गाताना हा प्रसंग सहसा सांगितला जात नाही. मुंबईत त्यांचे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. प्लेगनंतर १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सुधार मंडळाने ही चाळ बांधली होती.

सुधार मंडळानंतर १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी चाळी आल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून सोळा हजारांवर खोल्या झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, मधून लांबलचक बोळ, संडास सामाईक आणि खोली १६० चौरस फुटांची. हळूहळू गावाकडची कुटुंबे इथे येऊ लागली आणि मुक्कामाचा रंग बदलला. पूर्वी पाहुणा एकट्या पुरुषांच्या खोलीत उतरे, आता तो कुणाच्या तरी संसारात उतरू लागला.

गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय चाळींत या पाहुणचाराचे बारीकसारीक संकेत तयार झाले. येण्याचे कारण मुलाखत, मुलगी दाखवणे, कोर्टाची तारीख, मोठा दवाखाना नाहीतर विलायतेला निघालेल्याला बोटीवर पोचवणे. आधी पोस्टकार्ड टाकायचे, मग ते पाहुण्याच्या मागून पोचले तरी चालेल. कोकणातून येणाऱ्याने आमसुले, कुळथाचे पीठ, सुके मासे किंवा फणसाची साटे आणायची. घाटावरच्याने गूळ, शेंगा, ज्वारी. पहाटे नळाला पाणी आले की घरच्यांच्या आधी उठून पिंप भरायचे, पण मोरी मात्र कचेरीला जाणारे आटोपल्याखेरीज अडवायची नाही. निघताना लहान मुलाच्या हातावर खाऊला पैसे ठेवायचे. हे जो पाळी त्याला पुन्हा या म्हणत. न पाळणाऱ्यालाही म्हणत, पण त्याच्या पोस्टकार्डाला उत्तर जात नसे.

मे महिन्याच्या सुट्टीत कॉलेजची चौघेपाच पोरे मिळून मुंबई पाहायला येत. पाठपिशवी आली ती पुढे. यांच्या खांद्याला वळकटी आणि हातात पत्र्याची पेटी. ओळख त्यांच्यातल्या एकाच्याच वडिलांची, बाकीचे सोबतचे. यजमानांना ते कुणाचे कोण हे धड ठाऊकही नसे. त्यांनी सकाळी पोहे खाऊन बाहेर पडायचे, दिवसभर पायी आणि ट्रामने हिंडायचे आणि रात्री गच्चीवर झोपायचे. पाहण्याच्या जागांची यादी ठरलेली: १८६२ पासूनची राणीची बाग, १९२४ चे गेटवे, १९५१ मध्ये उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आणि मलबार टेकडीवरचा म्हातारीचा बूट. रात्रीचे जेवण घरीच असे. बाहेर खाऊन आले तर यजमानीण बाई रागावत. चार पानांचा स्वयंपाक अचानक नऊ पानांचा करावा लागे तो त्यांनाच. या पाहुणचाराचा खरा बोजा त्यांच्यावर पडे आणि कौतुक घरच्या कर्त्याचे होई.

ज्याची ओळख नव्हती त्याला धर्मशाळा होत्या. भुलेश्वरचा माधवबाग आणि सी. पी. टँकवरचा हिराबाग ही त्यांतली नामांकित नावे. पैसे मोजू शकणाऱ्यांसाठी लॉजिंगे होती. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक मुंबईत आले की उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या नावातच हॉटेल आणि लॉजिंग होते, यावरून मुक्कामाच्या जागेची टंचाई किती होती ते दिसते. या कायद्याने भाडी गोठली, पागडी वाढली, आणि घेतलेली खोली सोडायला कुणी तयार होईना. गावच्या खोल्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्यामागे गावाचे प्रेम होते तितकेच हे गोठलेले भाडेही होते.

साठ-सत्तरच्या दशकांत पाठीवर सॅक बांधलेले युरोप-अमेरिकेचे तरुण शहरात दिसू लागले. त्यांना कुणाचा पत्ता नको होता. कुलाब्याच्या स्वस्त लॉजांत आणि ताजमहालमागच्या साल्व्हेशन आर्मीच्या वसतिगृहात ते दोन-चार रात्री काढत आणि पणजीची बोट धरत. त्याच बोटीने कुडातला तारवटी सुट्टीला घरी निघालेला असे.

राज्याची राजधानी म्हणून मुंबईने आणखी एक मुक्काम दिला, तो आमदार निवासाचा. मतदारसंघातला माणूस मंत्रालयात कामाला आला की आमदारसाहेबांच्या खोलीत उतरतो. साहेब स्वतः नसले तरी खोलीत सतरंज्या असतात. कागदोपत्री ही सोय लोकप्रतिनिधीची आहे, पण चालते ती थेट गावच्या खोलीसारखी.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि गावच्या खोलीचा पायाच गेला. नवा पोरगा आला तरी त्याला चिकटवायला गिरणी उरली नाही. मुंबईकर कुटुंबे डोंबिवली, नालासोपारा, विरारला सरकली आणि तिथून मंत्रालय किंवा परळचा दवाखाना गाठायला पाहुण्याचे दीड-दोन तास जाऊ लागले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण क्षमतेने धावू लागल्यावर कोकणातल्या माणसाला एका दिवसात काम उरकून परतणे शक्य झाले. यजमानीण बाई स्वतःच नोकरीला जाऊ लागल्या, हेही तितकेच महत्त्वाचे कारण. त्याबद्दल हळहळण्यासारखे काही नाही.

एका बाबतीत मात्र गरज तसूभर कमी झालेली नाही. १९४१ पासून परळला असलेल्या टाटा रुग्णालयात राज्यातून आणि देशभरातून रोगी येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि तेवढे दिवस कुठल्याच नातलगाकडे राहता येत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना जागा देते, तरीही रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पथाऱ्या दिसतातच.

उरलेल्या गावच्या खोल्या आता पुनर्विकासाच्या कागदांत अडकल्या आहेत. बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळते. ते भाडेपावतीवरच्या एका नावाला मिळते. जी खोली वर्गणीने चालली तिच्यात पन्नास घरांचा पैसा असतो आणि पावतीवरचा माणूस बहुधा केव्हाच वारलेला असतो. ज्या गावमंडळांनी वेळेवर संस्था नोंदवून कागद आपल्या नावावर करून घेतला, त्यांचा दावा टिकण्याजोगा आहे. बाकीच्यांच्या हाती वर्गणीच्या जुन्या वह्यांपलीकडे फारसे काही नाही.