आमची 'फियाट'

माढ्याच्या घरासमोर उभ्या असणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला आम्ही अखेरपर्यंत 'फियाट'च म्हणालो. वस्तुतः १९७४पासून तिचे नाव पद्मिनी होते आणि ती घडत होती कुर्ल्याला. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करणारे वालचंद हिराचंद तर १८८२ साली सोलापुरातच जन्मले. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील माणसाचे कर्तृत्व आम्ही इटलीच्या नावावर जमा केले होते. आठवत राहिले ते स्टिअरिंगलगतचे गिअर आणि पुढच्या सलग आसनावर दाटीने बसलेली भावंडे. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्याचे वाचून आम्ही हळहळलो. तेव्हाही तोंडी आले ते 'फियाट' हेच नाव. वर्गात इतिहासभानाविषयी बोलताना आता थोडे अडखळायला होते.