सही कोण करणार?

“मॅडम, सही.”

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. सिस्टरनं फॉर्म माझ्यापुढे धरला. आत बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा ओरडत होता. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) तीन रात्री त्याला झोप नव्हती. कुणीतरी आपल्याला मारायला येतंय, अशी त्याची पक्की खात्री झाली होती. त्यानं सलाइनचा स्टँड ढकलला, मामांचा शर्ट फाडला. ड्यूटीवर दोन सिस्टर, एक ज्युनिअर डॉक्टर आणि एकच मामा. दुसरे मामा रजेवर.

मी सही केली. त्याचे हातपाय पट्ट्यांनी कॉटला बांधले, इंजेक्शन दिलं. पाऊण तासात तो झोपला. पट्ट्या मात्र सकाळी सहाला सुटल्या. त्या आधीच सोडायला हव्या होत्या, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही.

मानसिक आरोग्याच्या तातडीच्या केंद्रात मी टीम सांभाळते. निदान, औषधं, ड्यूट्या लावणं ही कामं सगळ्यांना दिसतात. पण मध्यरात्री खरं काम वेगळंच असतं. पेशंट घाबरलेला असतो आणि टीमही घाबरलेली असते. त्या भीतीचं काय करायचं, हे प्रमुखाला ठरवायचं असतं. त्या रात्री मी ती भीती एका सहीत गुंडाळून टाकली.

त्यानंतर मी फ्रँको बझालिया यांच्याबद्दल पुन्हा वाचायला घेतलं. कारण त्यांची गोष्ट अशाच एका सहीपासून सुरू होते.

१९६१ साली बझालिया गोरित्सियाच्या मनोरुग्णालयाचे संचालक झाले. गोरित्सिया हे इटलीच्या पूर्व टोकाचं छोटं शहर. रुग्णालयाच्या कुंपणालगतच तेव्हाच्या युगोस्लाव्हियाची सीमा होती. आत पाचशेच्या वर माणसं. व्हेनिसचे बझालिया तरुणपणी फॅसिस्टविरोधी कामासाठी तुरुंगात गेले होते. गोरित्सियाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तुरुंगातला तोच वास पुन्हा आला, असं ते पुढे सांगत.

पहिल्याच दिवशी मुख्य परिचारकानं त्यांच्यापुढे एक वही ठेवली. आदल्या रात्री कुणाकुणाला बांधून ठेवलं, त्यांची ती यादी. संचालकांनी खाली सही करायची, हा रोजचा शिरस्ता. बझालियांनी सही करायला नकार दिला. ही हकिकत इटलीत आजही सांगितली जाते.

या नकाराची किंमत कळायला तेव्हाचा कायदा माहीत हवा. इटलीत १९०४चा कायदा चालू होता. स्वतःला किंवा इतरांना धोकादायक असलेल्या, किंवा चारचौघांत गोंधळ घालणाऱ्या माणसाला कोंडायचं, हे त्याचं सार. आत गेलेल्याचं नाव गुन्हेगारांसारखं न्यायालयीन नोंदीत चढायचं. आतल्या माणसानं बाहेर काही केलं, तर जाब संचालकाला. म्हणजे बांधायचा आदेश देणारा डॉक्टर सुरक्षित आणि सोडणारा डॉक्टर धोक्यात. अशा व्यवस्थेत चांगली माणसंसुद्धा बांधायलाच शिकतात.

सही नाकारणं सोपं होतं, असंही मी म्हणणार नाही. पण नाकारल्यानंतर त्या रात्री वॉर्डात थांबणाऱ्या परिचारकानं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर बझालियांना पुढची कितीतरी वर्षं शोधावं लागलं, आणि मला त्यांच्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांनी एकेक वॉर्ड उघडत नेला. डॉक्टरांनी पांढरे कोट उतरवले. रोज सकाळी सगळ्यांची सभा भरू लागली. डॉक्टर, परिचारक, पेशंट, सगळे एका खोलीत. कुणीही बोलावं, कुणीही उठून जावं. रात्री काय झालं, कोण कशामुळे चिडलं, दार का उघडं ठेवायचं, यावर तिथे वाद व्हायचे. परिचारकांना त्यांची भीती मोठ्यानं बोलून दाखवता येऊ लागली. पेशंटनाही.

मग सप्टेंबर १९६८मध्ये व्हायला नको तेच झालं. एका दिवसाच्या सुट्टीवर घरी गेलेल्या पेशंटनं आपल्या पत्नीचा खून केला. बझालियांवर खटला झाला. ते निर्दोष सुटले, पण ती बाई गेली होती. त्यांच्याविषयी लिहिताना हा प्रसंग गाळणारे भेटतात. तो गाळू नये असं मला वाटतं. दार उघडणाऱ्याच्या हातूनही चूक होऊ शकते, आणि तिची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते. हे माहीत असून दार उघडायचं की नाही, असा तो प्रश्न आहे.

१९७१ साली ते त्रिएस्तेला आले. तिथल्या रुग्णालयात सुमारे बाराशे पेशंट होते. १९७३मध्ये पेशंट आणि कलाकारांनी मिळून एक भलामोठा निळा घोडा बनवला. रुग्णालयात कपड्यांची गाडी ओढणाऱ्या खऱ्या घोड्याचं नाव त्याला दिलं, मार्को कावाल्लो. घोडा शहरात मिरवायचा होता, पण तो दारातून बाहेर निघेना. शेवटी वाट फोडून त्याला बाहेर काढलं आणि त्याच्यामागोमाग पेशंट शहरात गेले.

घोड्याचा फोटो तुम्हाला नेटवर सहज सापडेल. पण त्यानंतर जे झालं त्याचे फारसे फोटो नाहीत. रुग्णालय रिकामं होत गेलं तसतशी शहराच्या वेगवेगळ्या भागांत छोटी केंद्रं उभी राहिली. चोवीस तास उघडी, मोजक्या खाटांची. पूर्वी किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारे परिचारक आता लोकांच्या घरी जाऊ लागले. कुणाची तब्येत रात्री बिघडली, तर त्याला ओळखणारंच कुणीतरी दार उघडायला असायचं. भीती कमी करायचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. अनोळखी माणसाला बांधणं सोपं जातं.

१३ मे १९७८ला इटलीत कायदा क्रमांक १८० मंजूर झाला. नवी मनोरुग्णालयं बांधायला बंदी आली, जुनी टप्प्याटप्प्यानं बंद करायची ठरलं. सक्तीच्या उपचारासाठी आता दोन डॉक्टरांचं मत, महापौरांचा आदेश आणि न्यायाधीशांची मान्यता लागणार होती, आणि तीही सात दिवसांपुरती. मुदत वाढवायची तर पुन्हा कारण द्यायचं. एकाच माणसाच्या सहीत असलेली ताकद अशी वाटून टाकली गेली. सगळीकडे हे नीट झालं नाही. जिथे केंद्रं उभी राहिली नाहीत, तिथे सगळा भार घरच्यांवर पडला. बझालिया १९८० साली गेले, वयाच्या ५६व्या वर्षी.

हे सगळं मी टीमला सांगितलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, ते इटलीत. आपल्याकडे माणसं कुठेत?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याचं एक उत्तर आपल्याच देशात १९५०च्या दशकात सापडलं होतं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात गर्दी मावत नव्हती. अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना पेशंटबरोबर राहायला बोलावलं. आई, भाऊ, बायको तिथेच राहायचे, काळजी कशी घ्यायची ते शिकायचे. डॉक्टर त्यांच्याशी गटागटानं बोलायचे. बरं वाटू लागलं की सगळे मिळून घरी जायचे. कर्मचारी कमी होते, हीच त्या प्रयोगाची सुरुवात होती. दोर आणि कुलपांऐवजी त्यांनी घरच्यांची मदत घेतली.

हे वाचताना माझा चेहरा उतरला. कारण त्या रात्री त्या मुलाची आई बाहेर बाकावर बसून होती. रात्रभर. तिला आत बोलवावं, असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. सकाळी ती म्हणाली, “लहानपणी ताप चढला की असाच घाबरायचा. डोक्यावर हात ठेवला की शांत व्हायचा.” त्या रात्री तो हातानं शांत झाला असता का? सांगता येत नाही. आम्ही विचारलंच नाही.

आपला २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा याबाबत स्पष्ट आहे. कलम ९७ सांगतं की एकांतकोठडी नाहीच. तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तरच बांधायचं, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, अगदी गरजेपुरतं. कारण नोंदवायचं, पेशंटवर सतत लक्ष ठेवायचं, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. हे शेवटचं वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या रात्री आठवलं नाही.

मी बझालियांसारखं ‘सही करणार नाही’ असं जाहीर केलेलं नाही. एखाद्या रात्री खरंच दुसरा मार्ग नसतो, आणि तेव्हा सही न करणंही जबाबदारी टाळणंच ठरेल. पण आता रोज सकाळी साडेआठला हँडओव्हरनंतर आम्ही सगळे बसतो. मामा आणि मावशीही. रात्री कोण घाबरलं, हे आधी विचारतो. पहिल्या दिवशी मीच सांगितलं, की मी घाबरले होते आणि म्हणून सही केली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामा म्हणाले, “मीही.”

फॉर्मवर आम्ही पेननं दोन ओळी वाढवल्या आहेत. घरचं कोण बाहेर आहे? त्यांना आत बोलावलं का?

त्यांची उत्तरं भरल्याशिवाय सिस्टर तो कागद माझ्यापुढे धरत नाहीत.